पहिल्या रांगेतली माणसं

आमच्या घराला इतिवृत्ताची वही होती. शाळेत शिक्षकांच्या सभेला असते तशीच, लाल कापडी पाठीची आणि जाड पुठ्ठ्याची. दर रविवारी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की अप्पा ती कपाटातून काढत, वर तारीख घालत आणि 'उपस्थित' या शब्दाखाली आम्हा चौघांची नावं लिहीत. आधी स्वतःचं, मग अव्वाचं म्हणजे आईचं, मग माझं आणि शेवटी माझ्या धाकट्या बहिणीचं, गौरीचं. दोन खोल्यांच्या घरात अनुपस्थित राहणार तरी कुठं? मग मागच्या सभेचा आढावा व्हायचा, मग आठवड्यात काय खटकलं ते प्रत्येकानं आळीपाळीनं सांगायचं, आणि शेवटी 'सूचना'. सूचनेत दुसऱ्याची एक तरी चूक सांगायचीच, पण प्रेमानं. अप्पांनी हे कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं आणि याला ते घरसभा म्हणत. आमच्या आळीत दुसरा एकही बाप मुलींना 'तुला काय खटकलं' म्हणून विचारत नव्हता, हे मला आजही कबूल केलं पाहिजे. बाकीचे बाप सरळ कानाखाली वाजवत. त्यामुळे माझ्या मैत्रिणींना आमचा हेवा वाटे, आणि मी तो मिरवतही असे.

अप्पा एका हायस्कुलात विज्ञान शिकवत, पण सोलापुरात त्यांची ओळख होती ती पालकशाळेचे सर म्हणून. महिन्यातून दोन-तीन रविवार दुपारी चार वाजता कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान असायचं. मुलांना मारावं का, अभ्यासाची गोडी कशी लावावी, वयात येणाऱ्या मुलीशी कसं बोलावं, असे विषय. समोर गिरणीतले कामगार, शिंपी, कचेरीतले कारकून आणि विड्या वळून बोटं काळी झालेल्या बायका. अप्पा बोलायचेही छान. हसवायचे, मध्येच गप्प व्हायचे, आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं की पाण्याचा पेला उचलून त्यांना डोळ्यांना पदर लावायला सवड द्यायचे. आम्हा तिघींची जागा ठरलेली होती, पहिली रांग, मधोमध. आपण सांगतो ते आपल्या घरात करतो हे लोकांना दिसलं पाहिजे, असं अप्पांचं म्हणणं. त्यामुळे दुकानात दर्शनी मांडलेल्या चादरींसारख्या आम्ही ताठ, घडी न मोडता बसायचो. त्यांचं प्रत्येक उदाहरण 'एका घरात' या शब्दांनी सुरू व्हायचं. ते घर बहुतेक वेळा आमचंच असायचं.

घरामागच्या बोळात यंत्रमागांची शेड होती. सकाळपासून तिची खटाखट सुरू व्हायची आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की वीज गेली आणि माग थांबले की आम्ही दचकायचो. एरवी आमच्या घरात सगळेच आवाज चढवून बोलत. अव्वा मात्र मागांच्या खालच्या पट्टीत बोलायची, म्हणजे जवळजवळ बोलायचीच नाही. ती वळसंगची, माहेरी कानडी. तिचं सगळं सांगणं चुलीवरून, म्हणजे पुढं गॅसच्या शेगडीवरून चालायचं. तिचा राग असला की शेंगांची चटणी डोळ्यांतून पाणी काढायची, मन प्रसन्न असलं की गव्हाची हुग्गी म्हणजे खीर व्हायची, आणि कुणाचा अबोला असला की त्याच्या ताटात पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी जरा जास्त पडायची, कारण ती आम्हा सगळ्यांना आवडायची. घरसभेत तिची पाळी आली की ती परातीत ज्वारीचं पीठ घेता घेताच म्हणायची, "माझं काय न्हाय." अप्पा ते प्रमाण मराठीत लिहून घ्यायचे.

गौरी घरात बोलायची थांबली तेव्हा ती सातवीत होती आणि मी दहावीत. थांबली म्हणजे एका सोमवारी शाळेतून आली, दप्तर ठेवलं, आणि त्यानंतर आमच्यापैकी कुणालाही तिच्या तोंडून एक शब्द ऐकू आला नाही. आधी वाटलं, रुसली असेल. चार दिवसांनी अव्वानं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आठवड्यानं अप्पांनी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून 'आ' म्हणायला सांगितलं तर तिनं स्वच्छ, खणखणीत 'आ' म्हटलं. शाळेत चौकशी केली तेव्हा वर्गशिक्षिका हसल्याच. त्या म्हणाल्या, सर, गौरी गप्प बसावी म्हणून मी तिला परवाच शिक्षा केली. म्हणजे ती शाळेत बोलत होती, बोळातल्या तेलुगू मुलींशी बोलत होती, वळसंगला मामाकडं गेली की कानडीत चुरूचुरू बोलत होती. फक्त आमचा उंबरठा ओलांडून आत आली की बंद. पाणी हवं असलं तर पेला पुढं सरकवायची, भाकरी नको असली तर ताटावर हात आडवा धरायची. अप्पांना हे सहन होत नव्हतं. मुलांशी संवाद या विषयावर गावभर बोलणाऱ्या माणसाच्या घरात मुलगी मुकी झालेली, आणि मामा एकदा जेवता जेवता हसत म्हणालेही, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचा अर्धा भाग त्यांनी अव्वाकडं बघून गिळला.

चार महिने असे गेले. मग एके दिवशी अप्पांनी जाहीर केलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर गौरी वळसंगच्या शाळेत जाईल, मामाकडं राहील. तिथं ती बोलते, त्या अर्थी तिला तिथलं वातावरण मानवतं. मामा तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलूनही आले होते. वरवर बघता यात वाईट काही नव्हतं. वळसंग लांब नाही, मामा जीव लावणारे, घरचं दूधदुभतं. पण अव्वानं ते ऐकलं आणि हातातली उलथणी खाली ठेवली. "बोलत न्हाय म्हणून पोर घराबाहेर काढायची?" एवढंच ती म्हणाली. गौरी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला जे कळलं ते मी आयुष्यात विसरले नाही. तिला वळसंग आवडायचं, पण पाहुणी म्हणून. आता तिला तिथं ठेवून देणार होते, आणि 'मला नाही जायचं' हे सांगायला तिला घरात तोंड उघडावं लागणार होतं.

वर्गशिक्षिकांनीच शेवटचा उपाय म्हणून कुटुंब सल्ला केंद्राचं नाव सांगितलं. एका संस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ते होतं. बाहेरच्या बाकावर भांडून आलेली नवरा-बायको दोन टोकांना आणि त्यांच्या मध्ये दोन्हीकडच्या सासवा, असा देखावा. अप्पांना तिथं बसायची इतकी लाज वाटत होती की त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, आणि पाच मिनिटांत तिघांनी येऊन त्यांना नमस्कार केला. आत नसीम मॅडम होत्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, शांत, बोलताना समोरच्याला घाई न करणाऱ्या. आम्हाला वाटलं होतं त्या गौरीला एकटीला आत बोलावतील. त्यांनी चार खुर्च्या मागवल्या. अप्पांनी त्यांना आधीच बजावून सांगितलं की तीन वेळा येऊ, फरक पडला तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर वळसंग. आणि मग पिशवीतून काय काढलं असेल? इतिवृत्ताची वही. आमच्या घरात संवाद किती आहे याचा पुरावा म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पाऊणएक तास ते एकटेच बोलले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. निघताना म्हणाल्या, ही वही पुढच्या बुधवारपर्यंत माझ्याकडं राहू दे.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढं लिहिण्यात अर्थ नाही. गौरी का बोलत नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या आधीच्या एका घरसभेत सूचनेची माझी पाळी आली, आणि मी चिडलेली होते, कारण सकाळी ओली वाकळ मलाच गच्चीवर न्यावी लागली होती. मी म्हटलं, गौरी अजून अंथरूण ओलं करते. गौरी समोरच बसली होती. अप्पांनी लिहून घेतलं, तिला रागावले नाहीत, उलट जवळ घेतलं. आणि पंधरा दिवसांनी गौरीच्याच शाळेच्या हॉलमध्ये ते म्हणाले, एका घरात बारा वर्षांची मुलगी आहे, ती अजून अंथरुणात लघवी करते. मग त्यांनी फार चांगलं सांगितलं. अशा मुलीला रागावू नका, चारचौघांत लाजवू नका, डॉक्टरांना विचारा. चारचौघांत लाजवू नका हे ते दोनशे माणसांसमोर सांगत होते, आणि गौरी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. मागं तिच्या वर्गातल्या मुलींच्या आया. मी तिचा हात धरायला गेले तर तो बर्फासारखा गार. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी काय विचारलं ते तिनं कधी सांगितलं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी पाच महिने दृष्ट काढू दिली, घशात बॅटरी मारू दिली. सांगितलं तर खापर माझ्यावर फुटेल ही भीती होती. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

गौरी हे तिचं खरं नाव नव्हे. हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी तिला फोन केला, ती आता नातवंडांत रमली आहे. म्हटलं, लिहू का? अंथरुणाचं गाळते. ती म्हणाली, "लिही की. अंथरुणाचं बी लिही. त्याची लाज आता मला न्हाय अक्का, तुला हाय." तिचं म्हणणं खरं आहे.

दुसऱ्या बुधवारी मॅडमनी खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. गौरीला म्हणाल्या, बोलू नकोस, नुसतं कर. घरसभेत तुम्ही कसे बसता तशा मांड. गौरीनं एक खुर्ची उचलली आणि खोलीच्या त्या टोकाला ठेवली. मग उरलेल्या तीन, एकीला एक चिकटवून, एका रांगेत, तिच्या समोर. आमच्या घरात आम्ही सतरंजीवर गोल बसत होतो. अप्पा चटकन म्हणाले, असं नाही गं, आपण गोल बसतो. मॅडम समोरासमोर मांडलेल्या खुर्च्यांकडं नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी वही उघडली आणि अव्वाचं तेवढं वाचायला घेतलं. माझे काही नाही. माझे काही नाही. पान उलटायचं, पुन्हा तेच. आवाजात टोमणा नव्हता, हजेरी घ्यावी तशा वाचत होत्या. सात-आठ पानं झाल्यावर अप्पा म्हणाले, तिला खरंच काही तक्रार नसते. अव्वानं मान खाली घातली आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. त्या आठवड्यात घरातली चटणी तोंडात धरवत नव्हती.

तिसऱ्या बुधवारच्या आदल्या दिवशी मला शाळेत एक हँडबिल मिळालं. पुढच्या रविवारी पालकशाळा, विषय 'मूल बोलत का नाही?', वक्ते आमचे अप्पा. घरी येऊन मी त्यांच्या टेबलावरचे कागद बघितले. टाचणं मुद्देसूद होती, अक्षर मोत्यासारखं. चूक एखाद्याची नसते, ती घरभर पसरलेली असते. समुपदेशकाकडं जाण्यात कमीपणा नाही. सगळं मॅडमच्या खोलीतून आलेलं, आणि सगळं खरं. आणि तिसऱ्या मुद्द्याखाली लिहिलं होतं, एका घरात बारा वर्षांची मुलगी, पुढं कंसात खुर्च्यांचा प्रसंग. गौरी उरलंसुरलं बोलत होती ते मॅडमच्या त्या खोलीत, शब्दांनी नाही तर खुर्च्यांनी, आणि आता तेही माईकवर जाणार होतं. त्यानंतर ती कधीच बोलणार नाही आणि वळसंगला जाणार, हे मला लख्ख दिसलं.

बुधवारी मॅडमनी विचारलं, आज आधी कोण बोलणार. अप्पांनी घसा साफ केला. मी म्हटलं, मी. आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं, ओल्या वाकळेपासून टेबलावरच्या टाचणापर्यंत. मला माहीत होतं आणि मी लपवलं, हेही. बोलताना मी पाय खुर्चीच्या पायांत अडकवून ठेवले होते.

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही," अप्पा म्हणाले. "आजवर कधीच घेतलेलं नाही."

"नाव कशाला घ्यायला पाहिजे, अप्पा? आम्ही पहिल्या रांगेत असतो."

अप्पा माझ्याकडं वळले नाहीत, मॅडमशी बोलू लागले. एका विडी वळणाऱ्या बाईनं त्यांचं ऐकून मुलाला चटके द्यायचं बंद केलं होतं, ती दर संक्रांतीला आमच्याकडं तिळगूळ घेऊन यायची. घरचं उदाहरण दिलं की लोकांना पटतं, नुसते उपदेश कोण ऐकतो, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज व्याख्यानातल्यासारखा चढत गेला आणि मग मध्येच बसला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या दोन पालकशाळांना मी मागं येऊन बसलेय, सर. तुमचं ऐकून मी माझ्या मुलावर हात उगारायचा थांबवला. लोकांना उपयोग होतो, यात वादच नाही. पण तिथं तुम्ही सगळ्यांच्या घरांबद्दल बोलता. इथं आपण एकच घर बघतोय. इथलं उचलून तिथं नेलं तर इथं कुणी काही ठेवणारच नाही. तुमच्या घरात तेच झालंय."

आणि मग अव्वा बोलली. इतकी वर्षं मी तिला अप्पांकडं सरळ बघून बोलताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "माझं बी लई हाय. पण सांगितलं की रविवारी माईकवर जातंय. म्हणून माझं काय न्हाय." एवढं बोलून तिनं पदर सावरला, जणू एसटीची वेळ झाली होती. गौरी बोलली नाही. पण तिनं आपली खुर्ची थोडी अव्वाकडं सरकवली, आणि तो फरशीवरचा कर्कश आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मॅडमनी अप्पांना विचारलं, रविवारचं काय करणार? अप्पा म्हणाले, विचार करतो. वही उचलून ते आमच्या आधी जिना उतरून गेले.

मीही पुढं शिक्षिका झाले आणि निवृत्त झाल्यावर आता आमच्या भागातल्या बालवाडीत पालकांचे वर्ग घेते. रक्तातच आहे म्हणा. आताच्या आया फोन उघडूनच येतात, त्यांना पाच मुद्दे हवे असतात, घरच्या ग्रुपवर टाकायला. ते मी देते. मोबाईल किती वेळ द्यावा, हट्टाला काय करावं, हे सांगायला हवंच, माहीत नसतं बऱ्याच जणींना. पण वर्ग संपल्यावर एखादी मागं रेंगाळते, पर्सची चेन उघड-बंद करत राहते. तिला मुद्दे देऊन भागत नाही हे मला ओळखू येतं. तिच्या घरात काय चाललंय ते मी विचारत नाही, चार माणसांना एकत्र बसवून ऐकतील अशा बाईंचा पत्ता देते आणि चौघंही जा म्हणून सांगते. आणि तिची गोष्ट पुढच्या वर्गात जात नाही. वर्गात दिलेलं उदाहरण माणसांच्या किती जवळून जातं, ते पहिल्या रांगेत बसल्याशिवाय कळत नाही.

तर तो रविवार. सकाळी घरसभा झाली नाही. अप्पांनी वही काढलीच नाही, आणि कुणी विचारलंही नाही. जेवणं झाली, अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि चप्पल घालता घालता म्हणाले, आज तुम्ही येऊ नका. हे ऐकून अव्वाचा चेहरा उतरला. सांगायचं नाही म्हणून येऊ नका, की सांगायचंय म्हणून येऊ नका? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ते गेल्यावर मी मैत्रिणीची वही आणते असं सांगून बाहेर पडले. गौरी खिडकीत बसली होती, तिनं मला मैत्रिणीच्या घराकडं नव्हे, हॉलच्या दिशेला वळताना पाहिलं.

हॉल भरलेला होता. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, एका धिप्पाड बाईंच्या मागं बसले. पहिल्या रांगेतल्या आमच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि संयोजकांनी त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं. अप्पांनी नेहमीसारखी सुरुवात केली. मूल गप्प बसतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं, असं म्हणाले. लोक माना डोलवत होते. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग समोर, लांबवर पाहिलं. "एका घरात," ते म्हणाले, आणि थांबले. लोकांना वाटलं, ही त्यांची नेहमीची पद्धत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पण प्यायले नाहीत, परत ठेवला. मी धिप्पाड बाईंच्या खांद्याआडून बघत होते. कुणीतरी खोकलं. अप्पांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, खिशात ठेवली. "आज माझी तयारी झालेली नाही," ते म्हणाले. "माफ करा." आणि जाऊन बसले. मुख्याध्यापकांनी गडबडीनं आभार मानले, माईक शिट्टी वाजवायला लागला, लोक एकमेकांकडं बघत उठले. माझ्या शेजारून जाताना एक जण म्हणाला, सर थकले आता. त्या वर्षी त्यानंतर त्यांना कुठूनही बोलावणं आलं नाही. मी मागच्या दारानं पळत सुटले आणि त्यांच्या आधी घरी पोचले.

ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुऊन ते जेवायला बसले. अव्वा तव्यापुढं. मी ताटं मांडत होते. गौरी आतल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "सांगितलं का तुमी?"

पाच महिन्यांनी त्या घरात तिचा आवाज आला होता, जरा घोगरा. अव्वाचा भाकरीवरचा हात तिथंच थांबला.

"नाही," अप्पा म्हणाले.

गौरी जागची हलली नाही. "अक्काला इचारू?"

मला वाटलं आता अप्पा चिडणार. मुलीनं बापाच्या शब्दाला साक्षीदार मागायचा, हे आमच्या आळीत कुणी चालवून घेतलं नसतं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, पण रागानं नाही, दमून. "विचार," ते म्हणाले. "ती शेवटच्या रांगेत होती, खांबाजवळ."

म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं. मला पाहून ते थांबले की थांबल्यावर त्यांना मी दिसले, हे मी त्यांना ते असेपर्यंत कधी विचारलं नाही. विचारायला भीती वाटायची, आणि आता कुणाला विचारणार.

गौरी माझ्याकडं बघत होती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काहीही केलं नव्हतं. "न्हाय सांगितलं," मी म्हटलं. "एका घरात म्हणाले, आन् थांबले. पुढं बोललेच न्हाईत."

तिनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग ताट घेऊन बसली, दोघांपासूनही जरा लांब. "मी वळसंगला जाणार न्हाय," ती म्हणाली.

"बरं," अप्पा म्हणाले.

अव्वानं तव्याकडं तोंड केलं आणि ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवून. भाकरी उलटायची राहिली आणि करपली. ती करपलेली भाकरी अप्पांनी स्वतःच्या ताटात मागून घेतली.